पात्रांच्या वर्णनातल्या ठरीव दृश्य खुणा: वाचकाची नजर बदलली की लेखकाने काय करावे?

निळी शाई

एका दीर्घकथेवर काम सुरू आहे आणि तिच्या निमित्ताने पडलेला प्रश्न येथे मांडत आहे. कथेचा पूर्वार्ध १९३५ च्या सुमारास पुण्यातल्या एका वाड्यात घडतो आणि उत्तरार्ध आजच्या काळात, त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. पूर्वार्धात माजघराच्या दारात लाल आलवण नेसलेली एक बाई उभी आहे, एवढे लिहिले की माझ्या आईच्या पिढीला पुढचे काही सांगावे लागत नाही. ती विधवा आहे, तिचे केशवपन झालेले आहे, ती एकभुक्त राहते आणि मंगलकार्यात तिने समोर यायचे नाही, हे सगळे त्या एका वस्त्रात येते. मसुदा वाचलेल्या विशीतल्या मुलांना मात्र लाल वस्त्रामुळे ती नवी नवरी वाटली.

याच्या अगदी उलट अनुभव दुसऱ्या प्रकारच्या खुणांचा येतो. बिल्डरने धाडलेला दांडगट माणूस काळाकभिन्न आणि गालावर व्रण असलेला, तर वाड्यातली सोशिक सून गोरीपान आणि चाफेकळी नाकाची, असे वर्णन आजही सर्वांना कळते. परंतु त्यातून पात्राबद्दल जे कळते, त्याहून अधिक लेखकाबद्दल कळते. म्हणजे काही खुणा मुक्या झाल्या आहेत आणि काही खुणा लेखकाविरुद्ध साक्ष देऊ लागल्या आहेत. मुक्या खुणांना पुन्हा बोलते कसे करावे आणि साक्ष देणाऱ्या खुणांच्या जागी काय ठेवावे, याविषयी जाणकारांची मते हवी आहेत.

वाचनवेडा

खलनायकाचा व्रण काढून घेतलात, तर निम्मे मराठी खलनायक बेरोजगार होतील आणि उरलेल्यांना नायकाच्या मित्राच्या भूमिका कराव्या लागतील.

विंगेतला

मी हौशी रंगभूमीवर रंगभूषा आणि वेशभूषा पाहतो, त्यामुळे या खुणांची बाजू थोडी घेतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, सात्त्विक यांच्याबरोबर आहार्य अभिनय सांगितला आहे. वेश, रंग आणि अलंकार यांनीही पात्र बोलते, असा त्याचा अर्थ. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासूनच्या पौराणिक नाटकांत राक्षस येत तो राळेच्या भडक्यात, आरडाओरड करीत आणि तोंड रंगवून. कोकणातल्या दशावतारात संकासुर आजही काळ्या वेशात येतो आणि त्याच्या पहिल्या पावलालाच लहान मुले आईला बिलगतात.

यामागे केवळ पूर्वग्रह होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दिवट्यांच्या उजेडात, देवळासमोरच्या अंगणात, शेवटच्या माणसाला चेहऱ्यावरचे बारीक भाव दिसणार नव्हते. त्याला दुरून ओळखू येईल अशी ठळक खूण लागत होती. अडचण पुढे झाली. कथा-कादंबरीला शेवटची रांग नसते, वाचक पात्राच्या अगदी श्वासाजवळ बसलेला असतो, तरीही लेखकांनी रंगमंचाच्या त्या खुणा जशाच्या तशा उचलल्या. चित्रपटाने तर कॅमेरा नाकासमोर नेऊनही त्या सोडल्या नाहीत.

आडगावकर

विंगेतला यांचे अंतराचे कारण पटले, पण ते अर्धेच आहे. दुरून दिसण्यासाठी ठळक रंग हवा होता हे मान्य. मात्र ठळक रंग हवा म्हणून राक्षस काळाच का आणि देव गोरा का, याचे उत्तर दिवट्यांच्या उजेडात सापडत नाही.

मी मराठवाड्यातल्या गावात वाढलो. उन्हात राबणाऱ्याचा रंग रापतो आणि सावलीत बसणाऱ्याचा रापत नाही, ही साधी गोष्ट आहे. म्हणून मराठी कथेत ‘काळाकभिन्न’ हा शब्द ज्याच्या वाट्याला आला, तो पुष्कळदा गडी, रामोशी, दरोडेखोर किंवा गावकुसाबाहेरचा माणूस होता. लेखकाला जात लिहायला संकोच वाटे, तेथे तो रंग लिही. वाचकाला जात कळे आणि लेखकाचे हात स्वच्छ राहत. सत्तरच्या दशकापासून दलित आत्मकथने आली आणि ज्याचे वर्णन होत असे, तोच वर्णन करू लागला. वाड्यातल्या माणसांचे स्वच्छ धोतर, त्यांचे दुरून पाणी वाढणारे हात, हीच खूण झाली. ही उलथापालथ कोणा संपादकाच्या सूचनेने झालेली नाही, लेखणी दुसऱ्या हातात गेल्याने झाली, हे येथे नोंदवावेसे वाटते.

आणि हा आक्षेप आजचा, आयात केलेला आहे असे कोणी म्हणणार असेल, तर चौदाव्या शतकातला चोखोबांचा प्रश्न आठवावा: ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा। काय भुललासी वरलिया रंगा॥’

मंदाकिनी

आडगावकर, चोखोबांचे उदाहरण चपखल आहे. त्यात एक विसंगती जोडते. वारकरी परंपरेत सावळा रंग हेच सौंदर्य आहे. ‘सावळें सुंदर रूप मनोहर’ हे तुकोबांचे मागणे प्रत्येक घरात म्हटले जाते. त्याच घराने दिलेल्या वधूवर जाहिरातीत मात्र ‘गोरी’, निदान ‘निमगोरी’, आणि अगदीच निरुपाय झाला तर ‘गव्हाळ’. सावळा विठ्ठल देव्हाऱ्यात चालतो, सावळी सून उंबरठ्यात चालत नाही.

सरस्वती आणि लक्ष्मी आपल्या डोळ्यांसमोर ज्या रूपात येतात, त्यात राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचा मोठा हात आहे. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या शिळाछापांमुळे उजळ वर्णाच्या देवी घरोघरच्या भिंतींवर गेल्या. कथालेखकांनी ‘साक्षात लक्ष्मी’ असे लिहिले, तेव्हा त्यांच्या व वाचकाच्या मनात तोच छापील चेहरा होता.

वाचनवेडा

मंदाकिनीताई, वधूवर मंडळांत ‘गव्हाळ’ या एका शब्दात गव्हाच्या जेवढ्या जाती बसतात, तेवढ्या कृषी विद्यापीठालाही ठाऊक नसतील.

सातासमुद्रापार

रंगाच्या बाबतीत परिस्थिती बदलली आहे, हेही पाहावे. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमला २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला आणि त्याच वर्षी एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळ शोधण्याची सोय बंद केली. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध आंदोलन पेटले होते, त्याचा हा परिणाम. येथे न्यू जर्सीत जन्मलेली आमची मुले मराठी कथा वाचतात, तेव्हा ‘ती गोरी होती म्हणून सर्वांना आवडली’ यातला ‘म्हणून’ त्यांना समजतच नाही. त्यांना तो चुकून आलेला शब्द वाटतो.

आडगावकर

डबीवरचे नाव बदलले, डबीतले मलम तेच राहिले. ‘गोरी’च्या जागी ‘तेजस्वी’ आणि ‘उजळ’ आले. दूरचित्रवाणीवर सावळ्या नायिकेची कथा सांगायची, तर गोऱ्या अभिनेत्रीला गडद रंग फासण्याचा प्रकारही आपण पाहिला. सावळ्या मुलीचे दुःख विकायला चालते, सावळी मुलगी मात्र पडद्यावर चालत नाही. मूळ धाग्याच्या दृष्टीने यात एक धोका आहे. नायिका सावळी केली, पण कथाभर तिच्या सावळेपणाचीच चर्चा चालू ठेवली, तर जुनी खूण गेली कोठे? ती केवळ उलटी टांगली.

शिरोळकर

मूळ प्रश्नातल्या मुक्या खुणांकडे वळते. विधवेच्या खुणा आपोआप मुक्या झालेल्या नाहीत. त्या पुसायला माणसे झगडली. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि त्याबद्दल मुरूडमध्ये बहिष्कार सोसला. निळी शाई यांच्या विशीतल्या वाचकांना आलवण ओळखता आले नाही, याचे मला वाईट वाटत नाही. त्या अज्ञानासाठी कोणीतरी फार मोठी किंमत मोजलेली आहे.

दुसरे उदाहरण माझ्याच तालुक्यातले आहे. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. प्रत्यक्षात सगळे एका रात्रीत बदलले असा दावा मी करणार नाही. सासूच्या नजरेपुढे कुंकू लावायला आजही धीर लागतो, आणि हळदीकुंकवाला बोलावणे येते का, हा प्रश्न वेगळाच उरतो.

पण लेखकासाठी यातून काय झाले ते पाहा. पूर्वी ‘तिचे कपाळ पांढरे होते’ हे वाक्य निवाडा होते. आता पांढरे कपाळ महाविद्यालयातल्या मुलीचे असू शकते, बँकेतल्या अधिकारी बाईंचे असू शकते, ख्रिस्ती किंवा मुसलमान स्त्रीचे तर असतेच. उलट विधवा स्त्रीच्या कपाळावर कुंकू असेल, तर त्या कुंकवामागे निर्णय आहे, कोणाशी तरी झालेला वाद आहे, कदाचित ग्रामसभेतला हात वर आहे. खूण अस्पष्ट झाली म्हणून लेखकाचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. पूर्वी जे एका शब्दात संपत होते, तेथून आता कथा सुरू होऊ शकते.

विंगेतला

शिरोळकर यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. खूण मुकी होण्याबरोबर ती दुसऱ्याच भाषेत बोलू लागते, याचे नमुनेदार उदाहरण गांधी टोपीचे आहे. १९२० नंतर असहकाराच्या काळात ही टोपी घातलेला तरुण कथेत आला, की तो तुरुंगात जाणार हे ठरलेले असे. घरात वडिलांशी भांडण आणि कपाटातल्या विलायती कपड्यांची होळीही ओघाने येई. स्वातंत्र्यानंतर तीच टोपी पुढाऱ्याची झाली. सत्तरच्या दशकातल्या मराठी चित्रपटांत कडक इस्त्रीची टोपी, पांढरे धोतर, मिशी आणि मागे उभी असलेली जीप दिसली, की साखर कारखाना, सोसायटी आणि एखाद्या गरिबाची बळकावलेली जमीन हे सगळे प्रेक्षक स्वतःच जोडून घेई. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात तीच टोपी अक्षरे छापून पुन्हा डोक्यांवर आली आणि काही काळ तिचा अर्थ पुन्हा फिरला. या साऱ्या काळात मुंबईचे डबेवाले आणि खेड्यातले वृद्ध शेतकरी ती टोपी कसलाही संदेश न देता घालतच होते. कथेतल्या प्रतिमेत त्यांना जागा नव्हती.

थोडे विषयांतर करतो. पडद्यावर असल्या पुढाऱ्याची खूण ज्यांच्या नावाने ओळखली गेली, ते निळू फुले प्रत्यक्षात सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले, समाजकार्याला आयुष्यभर हात देणारे गृहस्थ होते. तरीही बायका त्यांना पाहून दचकत, असे सांगतात. खुणेची ताकद माणसाच्या चारित्र्यापेक्षा मोठी ठरते, ती अशी.

पांढरी काठी

मी अंध आहे आणि ही चर्चा स्क्रीन रीडरवर ऐकत आहे. ‘दृश्य खुणा’ या विषयावर माझे मत विचारण्याचे कोणाला सुचणार नाही, म्हणून स्वतःहून लिहितो.

कथेतल्या अंध माणसाला दोनच नोकऱ्या मिळतात: भीक मागणे किंवा भविष्य पाहणे. मला बँकेत मिळाली. लंगडणारा माणूस कपटी, कुबड असलेली बाई कानभरणी, एका डोळ्याचा इसम अपशकुनी, कोड असलेली मुलगी लग्न मोडण्यापुरती. वाल्मीकींची मंथरा कुब्जा आहे. मथुरेतल्या कुब्जेला कृष्ण सरळ करतो, म्हणजे चांगुलपणाचे बक्षीसही सरळ पाठच. जन्मभर तसेच राहूनही सुखी असलेले पात्र शोधावे लागते.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट आणि इतर दृश्य माध्यमांतल्या अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वे सांगितली आणि अपंगत्वावरचा विनोद व अपंगाला हिणवणारा विनोद यांत फरक केला. तो फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण आम्ही मित्र आपापसांत जे विनोद करतो, ते येथे लिहिले तर संपादक मंडळ धागा बंद करील.

मंदाकिनी

पांढरी काठी, तुमच्या प्रतिसादाने मला अष्टावक्र आठवला. त्याच्या वाकड्या शरीराला जनकाची सभा हसली, तेव्हा त्यानेही हसून सभेला निरुत्तर केले, अशी लोकप्रिय कथा आहे. शरीरावरून परीक्षा करणाऱ्यांना आपल्याच परंपरेने दिलेली ती चपराक नव्हे का?

आडगावकर

ती चपराक त्याने कोणत्या शब्दांत दिली, तेही आठवावे. लोकप्रिय कथेत तो म्हणतो की, ही सभा पंडितांची नसून चांभारांची आहे, कारण यांना कातड्यापलीकडे दिसत नाही. एक ठरीव खूण मोडण्यासाठी दुसरीचा आधार घेतला. जोड्यासाठी कातडे निवडणाऱ्याला गुणांची पारख जनकाच्या पंडितांहून अधिक असते, हे कथाकाराला सुचले नाही.

पांढरी काठी

आडगावकर, हे यापूर्वी कधी माझ्या ध्यानात आले नव्हते. आता ती गोष्ट मुलांना सांगताना अडखळायला होणार.

खाडीकाठची

एक बाजू राहिली, ती थोडक्यात मांडते. मी रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबातली आहे. आमच्या घरात जी भाषा बोलली जाते, ती ऐकून शेजारच्या गावातला माणूस गाव ओळखेल, धर्म ओळखणार नाही. माझी आजी साडी नेसायची आणि भातलावणीला कासोटा घालून चिखलात उतरायची. मराठी कथेत मात्र आमचा माणूस येतो तो डोळ्यांत सुरमा, डोक्यावर जाळीची टोपी आणि तोंडात मोडकी हिंदी घेऊन. पूर्वी तो प्रेमळ चाचा असायचा, आता पुष्कळदा संशयित असतो. पोशाख तोच आहे. येथे समाजाची नजर बदलली आहे ती सुधारण्याच्या दिशेने नव्हे, हे या चर्चेत कोणीतरी म्हणायला हवे होते. काळ पुढे गेला की खुणा आपोआप सौम्य होतात, असे गृहीत धरू नये.

सातासमुद्रापार

खाडीकाठची यांचे म्हणणे अस्वस्थ करणारे आणि खरे आहे. नव्या खुणाही तयार होतच आहेत. जिममध्ये जाणारी, टॅटू काढलेली मुलगी म्हणजे नात्यांबाबत बेफिकीर. खादीचा कुर्ता, दाढी आणि शबनम पिशवी म्हणजे ढोंगी विचारवंत. परदेशस्थ मुलगा म्हणजे आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणारा. ही शेवटची खूण येथे बसून वाचताना कशी वाटते, ते वेगळे सांगायला नको. पन्नास वर्षांनी कोणीतरी याच मंचावर आपल्या या वर्णनांची अशीच चिरफाड करील.

जुना कारकून

मला या साऱ्या चर्चेत अति सावधपणा दिसतो. वाचकाला पात्र झटकन डोळ्यांसमोर हवे असते. रंग लिहू नका, नाक लिहू नका, कुंकू लिहू नका, टोपी लिहू नका. मग पात्र काय हवेत तरंगणार? माणसे काळी असतात, गोरी असतात, लंगडतात, सुरमाही घालतात. जे दिसते ते लिहिण्यावर बंदी घालणार असाल, तर लेखकाने केवळ आधार क्रमांक द्यावा.

निळी शाई

जुना कारकून, आपली तक्रार समजते, परंतु येथे कोणी रंग लिहू नका असे म्हटलेले मला दिसले नाही. आक्षेप आहे तो रंग लिहून स्वभाव सांगितल्याचे समाधान मानण्यावर.

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी एक मार्ग काढला आहे. वर्णन कथेच्या निवेदकाकडून काढून कोणत्यातरी पात्राकडे द्यायचे. आलवणातल्या बाईला आता वाड्यात नव्याने आलेला भाडेकऱ्यांचा लहान मुलगा पाहतो. त्याच्या गावाकडच्या घरात ही प्रथा नाही, त्यामुळे तो विचारतो की लग्न नसताना या काकूंनी लाल का नेसले आहे, आणि माजघरातले बोलणे एकदम थांबते. कोणालाही तळटीप द्यावी लागत नाही आणि आजच्या वाचकाचा प्रश्न कथेतच विचारला जातो. उत्तरार्धातल्या दांडगटाचे वर्णन सोसायटीचे सचिव करतात. त्यामुळे ‘काळाकभिन्न’ हा शब्द सचिवांच्या खात्यावर जमा होतो.

आडगावकर

पूर्वार्धातली युक्ती उत्तम आहे. उत्तरार्धातली मला पळवाट वाटते. सचिवाच्या तोंडी शब्द घातला, तरी तो माणूस शेवटी गुंडच निघणार असेल, तर सचिवाचे म्हणणे कथेने खरे करून दाखवले, एवढाच अर्थ उरतो. शब्द कोणाच्या तोंडी आहे यापेक्षा कथानक कोणाच्या बाजूने निकाल देते, ते वाचक लक्षात ठेवतो. त्या माणसाला एखादे घर द्या, घाई द्या, बिल्डरकडे अडकलेला पगार द्या. मग हवा तेवढा काळा लिहा.

विंगेतला

आडगावकरांशी सहमत. शिवाय एक व्यवहाराची अडचण सांगून ठेवतो. दिवाळी अंकाच्या चित्रकाराला पुष्कळदा पूर्ण कथा वाचायला वेळ नसतो. त्याला चार ओळींचा सारांश मिळतो. त्या चार ओळींत ‘गुंड’ आणि ‘विधवा’ हे शब्द गेले, की आपण येथे केलेला सारा खटाटोप बाजूला राहून पानावर पुन्हा व्रण आणि पांढरी साडी येईल. तो सारांश तुम्ही स्वतः लिहून पाठवा.

निळी शाई

सारांशाचे खरोखरच सुचले नव्हते. तो मीच लिहीन. पगाराचा धागाही कथेत बसेल असे वाटते, कारण इमारतीचे काम मध्येच थांबल्याचा उल्लेख आधीच आहे. सचिवांचा प्रवेश मात्र पुन्हा लिहावा लागेल. विंगेतला, आलवणाच्या नेमक्या छटेबद्दल आपल्याला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. चित्रकार विचारतीलच.

वाचनवेडा

आणि व्रण उरलाच तर सचिवांच्या गालावर द्या. सोसायटीच्या वार्षिक सभेत तो कोणालाही होऊ शकतो.